रंगीत काचेची पंगत

वालूर,
आश्विन वद्य अष्टमी, बुधवार

प्रिय भुजंग,

अनेक आशीर्वाद. तुला पत्र शेवटाकडून वाचायची खोड आहे. आबांचं पत्र आलं तरी तू आधी शेवटच्या दोन ओळी बघायचास आणि कागद माझ्याकडं फेकून म्हणायचास, कळलं, बाकीचं अक्का वाचेल. या वेळी तसं करू नकोस. थोरली म्हणून सांगते, पहिल्यापासून वाच. शेवट आधी वाचलास तर तुला वाटेल, अक्काचं दाजींशी बिनसलंय आणि ती रागाच्या भरात काहीबाही लिहायलीय. दाजींवर तुझा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. परभणीच्या शाळेत त्यांनी तुला घातलं, सायकल त्यांनी दिली, आई गेली तेव्हा रात्रभर तुला खांद्याशी धरून तेच बसले होते. यातलं काहीच खोटं नाही, म्हणूनच सगळं नीट लिहावं लागतंय. हे माडीवर झोपलेत, घोरणं इथपर्यंत ऐकू यायलंय, उठेपर्यंत मला तासभर मिळेल.

तीन दिवस झाले, माझ्या पोटात अन्न ठरत नाही. ताप नाही, पित्त नाही. भांडी घासायला येते ती बायनाबाई लाजत लाजत म्हणाली, अक्कासाब, दिवस तर गेले नसतील? म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो बाई, पण लग्नाला वीस वर्षं झाली, आता कसले दिवस. ताट पुढं आलं की मला शिसारी येते, एवढंच. यांचा भुरके मारून वरण ओरपण्याचा आवाज आला तरी येते. यांनी हाक मारली तरी येते. वीस वर्षं ज्या माणसाचं उष्टं काढलं त्याच्या हाक मारण्याचीसुद्धा किळस वाटावी, हे मला नवीन आहे रे. शब्द सापडेना म्हणून किळस लिहिलं. खरं तर त्याहून वाईट आहे.

गेल्या उन्हाळ्यात आणलेली काचेची पेटी तुझ्यासमोरच उघडली होती. पूर्णा जंक्शनवरचा रेल्वेचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा हर्रास झाला, तेव्हा दाजींनी नेमकी ती पेटी उचलली. सेलूपर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलगाडीत, कडब्यात गुंडाळून. एकही पेला फुटला नाही म्हणून गाडीवानाला पागोटं दिलं होतं, आठवतं? डाळिंबी पेले निघाले, मधाच्या रंगाचा जग निघाला, जांभळ्या ताटल्या, पोपटी तबकं, सगळ्यांना बारीक सोनेरी कड. तू एक डाळिंबी पेला डोळ्याला लावून ओरडलास, अक्का, सगळं वालूर पेटलंय बघ! आणि तुला वाटलं होतं, आपले दाजी किती हौशी, किती रसिक. अरे, कसले रसिक! अंमलदार येतात, त्यांना पाणी तर द्यावं लागतं. आपल्या पितळी तांब्यात दिलं तर तो तांब्या पुन्हा घरात घ्यायचा कसा? यांच्या गळ्यात माळ, दारात तुळस. म्हणून ही वेगळी काच, बाहेरच्या बैठकीतल्या कपाटात कुलूप लावून ठेवायला. साहेबांना दिसावं की देशमुखांनी आपल्यासाठी विलायती भांडी काढली. आणि घरात कळावं की यांनी साहेबांना आपल्या भांड्यांना हात लावू दिला नाही. एका पेल्यात दोन्ही साधलं. ही हुशारी मला तेव्हा कळली होती आणि मी हसले होते, ते आता आठवून माझी मलाच लाज वाटते.

पण काच मला आवडली होती, हे कबूल करते. माहेरी पेडगावला कासारीण येऊन गेली की तू आणि मी फुटक्या बांगड्यांचे तुकडे वेचायचो, त्यातले हिरवे तुला, लाल मला, आणि आई ओरडायची की हात कापून घ्याल. तेव्हापासूनची ही भूक असावी. पेटीत सहा बुटक्या वाट्या होत्या, मोरपंखी रंगाच्या, खाली इवलासा पाय असलेल्या. त्यातल्या दोन मी गुपचूप काढून घेतल्या. नव्याच आहेत, कोणी वापरल्यात, अशी मनाची समजूत घातली, आणि देवघरात एकीत हळद भरली, एकीत कुंकू. दर शुक्रवारी आळीतल्या बायका आल्या की म्हणायच्या, अक्कासाब, अशा वाट्या औरंगाबादेला पण मिळायच्या न्हाईत. मी सुखावायचे. त्या वाट्यांचं पुढं काय झालं ते सांगते. त्यावरून तुला दाजी कळतील.

भाद्रपदात तुम्ही जकात उकळणारा करोडगिरीचा नाका जाळलात. तिकडं हिंदुस्थानात झेंडे लागले आणि आपल्याकडं निजामाचंच राज्य राहिलं, म्हणून तुमच्या वयाची पोरं पेटून उठली, ते मला समजतं. पण तुझ्या नावानं वॉरंट निघालं, तू हद्दीपलीकडं वऱ्हाडातल्या कॅम्पात गेलास, आणि इकडं माझ्या डोळ्याला डोळा लागेना. कोणी म्हणायचं, दिसेल तिथं गोळी घालतील. कोणी म्हणायचं, तुरुंगात घालून हाडं मोडतील. ठाण्याची माणसं दोनदा घरी येऊन गेली. दुसऱ्या खेपेला यांची बंदूक जमा करून घेऊन गेली. तीच ती, दसऱ्याला गच्चीवर जाऊन हवेत उडवतात ती, जिनं आजवर कावळासुद्धा पडला नाही. बंदूक गेली आणि यांचं तोंडच उतरलं.  मला वाटलं, तुझ्या काळजीनं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. म्हणाले, रविवारी ठाण्याच्या अमीनसाहेबांना दुपारच्या जेवणाला बोलावलंय, टेबलावर, साहेबी थाटात, तू सगळं मनापासून कर. मी विचारलं, आत्ता कशाला, दिवाळी तोंडावर आलीय. तर म्हणाले, तुझ्या भावाचं मिटवून टाकतो. भुजंग, मी उभ्या जागी यांच्या पाया पडले. मिटवून टाकतो म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. कोण विचारील? भांडण मिटवतात, कज्जा मिटवतात, आपल्या माणसावरचं बालंट मिटवतात. मराठीत त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे हे मला त्या क्षणी सुचलं नाही. त्याच बोलण्यात यांनी तुझा पत्ता विचारला, साहेबांना कागदावर लिहून द्यावा लागेल म्हणाले, आणि हिंगोलीच्या ज्या दुकानावर तुझी पत्रं येतात ते नाव मी सांगून टाकलं. तू मला शपथ घालून कळवलं होतंस. मी सांगून टाकलं रे.

आणि मग मी अशी राबले की विचारू नकोस. पूर्णेच्या त्या गोऱ्या साहेबाचा म्हातारा खानसामा, दावलचाचा, यांनी मुद्दाम आणवला होता. सत्तरीचा असेल, हात थरथरतात, पण काचेला हात लावला की थरथर थांबते. त्यानं मला ओसरीवर बसवून एकेक नग शिकवला. हा उंच पेला पाण्याचा, हा बुटका सरबताचा, ही ताटली भाकरीसाठी बाजूला, हे तबक फळांचं. टेबल चावडीतून आणलं, त्यावर शाईचे डाग, मधोमध कोणीतरी चाकूनं नाव कोरलेलं. चादर म्हणून यांची नवी धोतरजोडी मधे शिवून घातली. दावलचाचा म्हणाला, बेटी, रंग मोजून मांड, सगळे एके ठिकाणी केलेस तर जत्रा दिसते. मग आम्ही एकाआड एक मांडलं, डाळिंबी पेले, मधे मधाच्या रंगाचा जग, कडेला जांभळ्या ताटल्या. मधोमध पोपटी तबकात झेंडू ठेवले. दुपारची उन्हं खिडकीतून आली आणि त्या पांढऱ्या धोतरावर लाल, पिवळे, जांभळे कवडसे पडले. मी हात जोडून उभी राहिले. इतकं सुंदर मी आयुष्यात काही मांडलं नव्हतं. प्रत्येक पेला पुसताना मनात म्हणत होते, साहेबांना गोड लागू दे, त्यांचं मन वळू दे, माझा भाऊ घरी येऊ दे.

वाट्यांचं आदल्या दिवशी झालं. चाचानं नग मोजले, म्हणाला, सहा हव्यात, चारच हाईत. मी मोठ्या डौलात देवघरातून दोन आणून पुढं ठेवल्या, हळदीकुंकवासकट. म्हातारा बघतच राहिला. हात मागं घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, बेटी, रागावू नको, ही अंड्याची कटोरी हाय. साहेब लोक सकाळी उकडलेलं अंडं यात उभं करतात आणि चमच्यानं टोपण उडवून खातात. अरे, मला असं हसू फुटलं! सहा महिने आळीतल्या सवाष्णींना मी अंड्याच्या वाटीतलं कुंकू लावत होते. चाचाही हसायला लागला, पदरानं डोळे पुसावे लागले मला. पण हे दारात उभे होते. यांनी सगळं ऐकलं होतं.

मग जो तमाशा झाला तो काय सांगू. यांचा चेहरा पांढराफटक पडला. घर बाटवलंस म्हणाले. मला अंगावरच्या लुगड्यानिशी विहिरीवर नेऊन सात घागरी अंगावर ओतून घ्यायला लावल्या. देव पंचामृतात बुडवले, देवघर शेणानं सारवलं, घराच्या प्रत्येक दारात गोमूत्र शिंपडलं, मला दिवसभर उपास. दोन्ही वाट्या चिमट्यानं उचलून उकिरड्यावर फेकल्या. आणि हे चाललं होतं ना, त्याच वेळी गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडून चाचाच्या हाताखाली उद्याच्या बोकडाची तयारी चालू होती! मी भिजल्या अंगानं म्हटलं, अहो, अंड्यानं बाटतं आणि बोकडानं नाही काय? तर म्हणाले, ते आपल्या चुलीवर नाही, आपल्या भांड्यात नाही, आपल्या छपराखाली नाही. बोलताना इतकी खात्री होती आवाजात! तेव्हाही मला रागच आला होता फक्त. किळस दुसऱ्या दिवशी आली.

रविवारी अमीनसाहेब आले. सोबत एक कारकून. पन्नाशीचा माणूस, दाढी पिकलेली, बोलणं हळू. मी पडद्याआड उभी होते, बघायचं म्हणून नाही, काही कमी पडलं तर चाचाला सांगायला. साहेबांनी टेबल बघितलं आणि थबकले. म्हणाले, देशमुखसाब, वल्ला, इतकी सजावट तर हैदराबादमधे बी कमी देखी. मला पडद्याआड भरून आलं. हे टेबलाच्या टोकाला बसले. पुढ्यात डाळिंबी पेला घेतला, पण रिकामा. पाहुण्यांना दिसावं म्हणून मधूनमधून ओठांशी न्यायचे, ओठाला लावायचे नाहीत, घोट घेतल्यासारखा गळा हलवायचे आणि खाली ठेवायचे. तोंडानं हसायचे. वीस वर्षांत मी यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, सगळे दात दाखवून. रिकामा पेला पिणारा तो माणूस बघून मला कसंतरी व्हायला लागलं, पण म्हटलं, भावासाठी करायलेत, करू दे.

साहेबांनी निम्मं जेवण होईपर्यंत तुझं नावसुद्धा काढलं नव्हतं, हे लक्षात ठेव. शिकारीचं बोलत होते, पिकांचं विचारत होते. हेच म्हणाले, आमच्या भुजंगाचं काय ठरवलं सरकारनं? साहेबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, खाते वक्त ये बातां नक्को, देशमुखसाब. तुमारे घर का नमक है सामने. एखादा माणूस तिथं थांबला असता. मला वाटलं, आता हे हात जोडतील, म्हणतील, साहेब, पोरगं अजाण आहे, पदरात घ्या. मी तर पडद्याआड हात जोडलेच होते. आणि हे पुढं वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, तुमी म्हणता तो सापडत न्हाई. मी आणून देतो. तुमची माणसं फक्त येळेवर असू द्या.

साहेबांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, सगा साला है ना तुमारा? हे म्हणाले, सख्खा हाय, म्हणून तर खात्रीनं सांगायलोय. माझं तेवढं बंदुकीच्या परवान्याचं बघा. भुजंग, अक्षरशः हे शब्द. मधे एक श्वाससुद्धा गेला नाही. फळांच्या पोपटी तबकातलं सीताफळ उचलून साहेबांपुढं धरलं आणि म्हणाले, घ्या की, औरंगाबादेकडचा माल हाय.  मी मागच्या दारानं गोठ्याकडं पळाले आणि उकिरड्यावर भडभडा ओकले. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही. परत आले तेव्हा साहेब निघाले होते. विड्याचं तबक हे पुढं करत होते आणि त्यांनी विडा घेतला नाही. नोकरीचा माणूस, हुकूम आला तर तो तुला पकडायला येईल, मी त्याला साधू म्हणत नाही. पण विडा नाही घेतला त्यानं. जाताना पडद्याकडं बघून सलाम केला.

यांना भीती वाटली असती, मारहाण झाली असती, गावाला आग लावतो असं कोणी धमकावलं असतं, तर मी समजून घेतलं असतं. भीती मला पण वाटते. सध्या कोणाला वाटत नाही? पण यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्या माणसानं तोंड बंद कर म्हणून सांगितलं तरी यांनी आपल्या हौसेनं तुला सीताफळासारखं तबकात घालून पुढं केलं. आणि ते तबक मी मांडलं होतं. मी पुसलं होतं. रंग मोजून मांडले होते. या हातांची पण मला किळस येते, बघ. दिवसातून दहा वेळा धुते.

पाहुणे गेल्यावर यांचा पुन्हा शुद्धीचा कार्यक्रम. सगळी काच गोठ्यात नेऊन राखेनं घासायला लावली, बायनाबाईनं घासली, तिनं ती शिवलेली चालते, कारण ती घरात येत नाही, परसातच भांडी घासते. यांनी विहिरीवर अंघोळ केली, सोवळं नेसले, तासभर पूजा केली, घंटा वाजवली. मग पाटावर बसून म्हणाले, वाढ, लय भूक लागलीय. मी वाढलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बोटं चाटली. मी समोर बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, अंड्याच्या वाटीनं ज्याचा देव बाटतो, त्याला हे कसं पचतं?  

यांच्या मनातलं मला सोमवारी सकाळी कळलं. हे कागद आणि दौत घेऊन आले, माझ्याशेजारी बसले आणि गोड आवाजात म्हणाले, मी सांगतो तसं लिही. मी लिहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. नकार दिला असता तर कोणाकडून तरी लिहून घेतलं असतं, मला कोंडून ठेवलं असतं आणि मग हे पत्रही तुझ्याकडं आलं नसतं, असं मी मनाला समजावते. पण खरं सांगू, हात आपोआप चालला. यांनी सांगितलेलं एकेक वाक्य मी लिहीत गेले. आई असती तर तिनं काय म्हटलं असतं, हेसुद्धा यांनीच सांगितलं. आईचं नाव त्या तोंडातून आलं आणि मी ते माझ्या अक्षरात उतरवून दिलं. त्याच दुपारी गडी ते घेऊन हिंगोलीला गेला, मीच सांगितलेल्या दुकानावर.

दावलचाचा सामान आवरण्याच्या निमित्तानं आजपर्यंत थांबला. रविवारी टेबलाशी तोच वाढत होता, त्यानं अक्षर न् अक्षर ऐकलंय. आज सकाळी मागच्या दाराशी येऊन म्हणाला, बेटी, लिहायचं असंल तर लिही, माझी लेक हिंगोलीत दिलीय, तिचा मालक दर आठवड्याला बाजाराला हद्दीपलीकडं जातो, म्हाताऱ्या खानसाम्याची झडती कोण घेतंय. मी म्हटलं, चाचा, तुम्हाला का हा ताप. तर म्हणाला, मी चाळीस वर्षं टेबल मांडलं, पण असलं जेवण वाढलं नव्हतं. त्याचा जावई तुमचा कॅम्प विचारत येईल आणि हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला जेवू घाल आणि तुझ्या माणसांना सांग, त्याच्याशी नीट बोला.

आता शेवट वाच. माझ्या हाताचं दुसरं पत्र तुला मिळालं असेल, नसेल तर मिळेल. त्यात मी तुला भाऊबीजेला बोलावलंय. लिहिलंय की तुझ्याशिवाय माझा दिवा लागणार नाही, दाजींनी सगळं मिटवलंय, संध्याकाळी मागच्या रस्त्यानं ये, पाट मांडून वाट बघते. अक्षर माझं आहे, बोलणं यांचं. येऊ नकोस. कितीही पत्रं आली, मी मेले असं कोणी येऊन सांगितलं तरी येऊ नकोस, आणि हिंगोलीच्या त्या दुकानाकडं फिरकू नकोस, तुझ्या सोबत्यांनाही कळव. माझी काळजी करू नकोस, मी कुठं जाणार, इथंच आहे. भाऊबीजेला मी अंगणात पाट मांडीन, रांगोळी काढीन, निरांजन लावीन. हे ओसरीवर बसलेले असतील, भिंतीआड माणसं दबा धरून असतील, आणि सगळे तुझी वाट बघत असतील. मग पश्चिमेला बीजेची कोर दिसली की ज्या बायकांना भाऊ नाही त्या ओवाळतात तशी मी यांच्यादेखत चंद्राला ओवाळीन. भाऊ जिवंत असताना असं करणं अभद्र म्हणतात, पण तू मनाला लावून घेऊ नकोस, तू जिवंत राहावास म्हणूनच करणार आहे. तेव्हा यांना कळेल की पत्रं मी दोन लिहिली होती.

तुझीच,
अक्का